बाबांना न्यूयॉर्कचं 'मोमा' दाखवायचंय, एका दिवसाचं नियोजन कसं करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईबाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले आहेत. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक, वय ७२. पाश्चात्त्य चित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. पानं सुटली तेव्हा दाभण-दोऱ्याने शिवून घेतलं आणि तेच वर्गात नेऊन मुलांना दाखवत राहिले. त्यातली बरीच चित्रं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, म्हणजे 'मोमा'त आहेत हे त्यांना पाठ आहे. पण इथे आल्यापासून एकदाही 'मला तिथे ने' असं म्हणाले नाहीत. परवा घरात आम्ही दोघंच असताना हळूच विचारलं, "तिकीट फार महाग असतं का गं?" तेव्हापासून मला चैन नाही.

मी स्वतः तिथे एकदाच गेले आहे, ऑफिसच्या लोकांबरोबर. दीड तासात सगळे मजले धावत पाहिले आणि आज गर्दीशिवाय काही आठवत नाही. बाबांचं तसं होऊ नये.

अडचणी अशा: बाबांचे गुडघे दुखतात. वीसेक मिनिटं उभे राहिले की बसावं लागतं. व्हीलचेअरचं नाव काढलं की ते गप्प होतात. आईला चित्रांची आवड नाही, पण ती त्यांना एकटं सोडणार नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता जाऊ? काय पाहू आणि काय सोडून देऊ? बाबांना अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे फार प्रिय आहेत, त्यांचं चित्र तिथे आहे असं ऐकलंय, ते बघायला मिळेल का?

प्रतिसाद १

आधी पैशांचं सांगतो, म्हणजे बाबांची काळजी मिटेल. मोठ्यांचं तिकीट ३० डॉलर, पण ६५ वर्षांपुढच्यांना २२. वयाचा पुरावा लागतो, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, दारातली रांग वाचते.

शुक्रवारी संध्याकाळी प्रवेश मोफत असतो असं कोणीतरी सांगेलच. ती सवलत न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना आहे, न्यू जर्सीकरांना नाही, आणि तेव्हा गर्दीही खूप असते. तुम्ही मंगळवार किंवा बुधवार धरा. साडेदहाला दार उघडतं, तेव्हा दारात असा आणि खाली कुठेही न रेंगाळता लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावर जा. तळमजल्यालाच तिथे पहिला मजला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशोबाने चौथा. बहुतेक लोक खालून वर चढत येतात, त्यामुळे पहिला पाऊण तास वर बरीच शांतता मिळते.

प्रतिसाद २

ताई, मी त्या म्युझियममध्ये वीसेक वेळा तरी गेलो असेन. माझं ऐकाल तर यादी दहा चित्रांची करा, आणि ती तुम्ही नका करू, बाबांना करू द्या.

मांडणी साधारण काळाप्रमाणे आहे. पाचव्या मजल्यावर १८८० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंतची कला, चौथ्यावर १९४० ते १९७० ची दशकं आणि दुसऱ्यावर त्यानंतरची. बाबांच्या पुस्तकातलं बरंचसं पाचव्यावरच भेटेल: व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट', पिकासोचं 'देम्वाझेल दाविन्यों', मातीसचं 'डान्स', दालीची वितळणारी घड्याळं. एवढं पाहून थकले तरी दिवस सार्थकी लागला असं समजा.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो, कारण जन्मभर पुस्तकातून चित्रं पाहिलेल्या माणसाला तिचा सगळ्यात मोठा धक्का बसतो. पुस्तकात सगळी चित्रं एकाच मापाची असतात. पान जेवढं, तेवढं चित्र. तिथे गेल्यावर कळतं की दालीचं ते जगप्रसिद्ध चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे, मोठ्या वहीच्या पानापेक्षा जरासंच मोठं. लोक ते शोधत त्याच्याच समोरून निघून जातात. उलट पिकासोच्या 'देम्वाझेल'मधल्या पाच स्त्रिया आठ फूट उंचीच्या कॅनव्हासवर आहेत, त्या आपल्यावर चालून येतात असं वाटतं. १९०७ साली ते चित्र पाहून पिकासोचे मित्रसुद्धा का हादरले असतील, ते छापील पानावरून मला कधीच कळलं नव्हतं. आणि रंगाचा थर! 'स्टारी नाइट' जरा बाजूला, तिरकं उभं राहून पाहायला सांगा. आकाशातल्या रंगाचे उंचवटे दिसतात, कुंचला कुठून कुठे वळला ते कळतं. शिक्षक आहेत, त्यांचा हात आपोआप हवेत फिरेल.

निघायच्या आदल्या दिवशी म्युझियमच्या वेबसाइटवर प्रत्येक चित्राचं पान उघडून बघा. ते सध्या लावलेलं आहे का, कोणत्या मजल्यावर, कितव्या दालनात, सगळं लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये इमारत वाढवल्यापासून ते दालनांतली चित्रं ठरावीक काळाने बदलतात, शिवाय चित्रं बाहेरच्या प्रदर्शनांनाही जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात 'स्टारी नाइट' न्यूयॉर्कमधल्याच मेट म्युझियममध्ये होतं. माझे पाहुणे नेमके तेव्हाच आले होते आणि मी आधी बघितलं नव्हतं. त्यांचे पडलेले चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत.

प्रतिसाद ३

गुडघ्यांबद्दल लिहिते, माझी आई याच अवस्थेत होती.

न्यू जर्सीची गाडी जिथे येते त्या पेन स्टेशनवरून सबवेच्या ई ट्रेनने फिफ्थ अव्हेन्यू–५३ स्ट्रीटला उतरलात तर म्युझियम दोन पावलांवर आहे, पण ते स्टेशन खूप खोल आहे आणि सरकते जिने लांबलचक. तिथे दमलेला माणूस चित्रांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा संपतो. पेन स्टेशनहून सरळ टॅक्सी करा, हा खर्च टाळू नका.

व्हीलचेअर म्युझियममध्ये विनामूल्य मिळते. माझी आईही बसायला तयार नव्हती. मी नुसती घेतली, तिच्यावर आमचे कोट ठेवले आणि ती ढकलत बरोबर चालले. पाऊण तासाने आईने स्वतःच कोट उचलून मांडीवर घेतले आणि बसली. बाबांना आग्रह करू नका, खुर्ची फक्त सोबत असू द्या.

मोनेच्या 'वॉटर लिलीज'चं दालन मधल्या विश्रांतीसाठी राखून ठेवा. तीन कॅनव्हास मिळून सुमारे ४२ फूट लांबीचं चित्र आहे, ते बसूनच पाहावं. म्युझियमने आधी घेतलेलं मोनेचं कमळांचं मोठं चित्र १९५८ च्या आगीत जळालं, त्यानंतर हे आणलं. मला ते कळल्यापासून त्याच्यासमोरून उठवत नाही. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या खाली सामानघरात द्या, प्रवासी बॅगा मात्र घेत नाहीत.

मूळ धागा लिहिणारी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कोटांची युक्ती नक्की करणार. दोन गोष्टी राहिल्या. बाबा वही घेऊन येणार म्हणतात, तिथे चित्र काढू देतात का? आणि आईचं काय करू? ती म्हणते, "मी बाकावर बसते, तुम्ही या बघून." तिने चार तास नुसतं बसायचं हे मला पटत नाही.

प्रतिसाद ४

पेन्सिलने काढू देतात, वही लहान ठेवा. रंग, शाई, पेन चालत नाही. फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवायचा.

गायतोंड्यांचं १९६२ सालचं 'पेंटिंग ४' म्युझियमच्या संग्रहात आहे. संग्रहात असणं आणि भिंतीवर असणं वेगळं, म्हणून वर सांगितलंय तसं आधी तपासा. नसलं तरी बाबांना चौथ्या मजल्यावर, गायतोंड्यांसारखाच अमूर्त चित्रकार असलेल्या रॉथकोच्या चित्रासमोर बसवा. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर याच शहरात आले होते. तो धागा बाबांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आईंना चित्रं नको असतील, माणसं नक्की हवी असतील. अँड्र्यू वायथचं 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' दाखवा, १९४८ चं. माळरानावर पाठमोरी बसलेली बाई, लांब टेकडावर घर. ती चित्रकाराची शेजारीण. तिला चालता येत नसे, पण चाकाची खुर्ची न वापरता ती सरपटत सगळीकडे जाई. हे आधी सांगू नका. आधी आईंनाच विचारा, ही बाई तिथे का बसली असेल? मग मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोने १९४० मध्ये काढलेलं स्वतःचंच छोटं चित्र दाखवा. दिएगो रिवेरापासून घटस्फोट झाल्यावर केस कापून, पुरुषी ढगळ सूट घालून खुर्चीत बसलेली, भोवती जमिनीभर केस. आई बाकावरून उठतील याची मला खात्री आहे. आणि तरीही कंटाळल्या तर खाली शिल्पांच्या बागेत झाडं, पाणी, बसायला खुर्च्या आहेत.

मूळ धागा लिहिणारी

बुधवारची तिकिटं काढली. बाबांना यादी करायला कागद दिला, तर त्यांनी दहाऐवजी सात नावं लिहिली. म्हणाले, उरलेल्या जागा तिथे गेल्यावर भरू. कालपासून वेबसाइटवरून प्रत्येकाचा दालन क्रमांक पुढे लिहून ठेवलाय. 'स्टारी नाइट' ५०१ मध्ये आहे, जागेवर आहे!

एकच शेवटचं विचारते. बाबा पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करतात, शार्पनर त्यांना चालत नाही. ब्लेड आत नेता येईल का?

प्रतिसाद २

अजिबात नको, दारात पिशव्या तपासतात. घरीच पाच-सहा पेन्सिलींना टोकं करून पेटीत कापूस घालून न्या. आणि बुधवारी रात्री इथे नक्की लिहा, सातानंतर आठवं नाव कोणतं लिहिलं ते.