मदत हवी आहे: मी पुरुष, माझं कॅरेक्टर बाई. टेबलवर "करतो" म्हणू की "करते"?

कसं विचारावं कळत नव्हतं, पण विचारतोच. आम्ही पाच जण चार महिने डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा गेम) खेळतोय (फिफ्थ एडिशन, २०१४ चं नियमांचं पुस्तक). माझं कॅरेक्टर यामिनी, लेव्हल ४ रोग (इंग्रजीतला rogue, चोर-ठक प्रकारचं कॅरेक्टर), पन्नाशीची, आधी घरफोड्या करायची, आता लोकांना सांगते की कुलपं दुरुस्त करते. बाईच का, तर खास काही कारण नाही हो, बॅकस्टोरी लिहायला बसलो तेव्हा गुडघे दुखणारी आणि कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाईच डोळ्यासमोर आली, पुरुष करून बघितला तर सगळी मजाच गेली. शिवाय याआधी तीन कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) मी दाढीवाले रागीट फायटरच खेळलोय, त्याचा वीट आलाय.

आता अडचण. इंग्रजीत खेळणाऱ्यांना "आय ओपन द डोअर" म्हटलं की सुटका. आपल्याकडे तोंड उघडलं की उघडतो का उघडते ठरवावंच लागतं. "उघडते" म्हटलं की टेबलवर कुणीतरी खिदळतं, "उघडतो" म्हटलं की यामिनी गायब होते आणि मीच स्वतः जाऊन दार उघडल्यासारखं वाटतं. लढाईत तर विचारू नका, परवा मी बोललो "मी मागून जाते आणि खंजीर मारतो", पाच मिनिटं गेम थांबला हसण्यात.

दुसरं म्हणजे एक मित्र. यामिनी कुठल्याही सरायमध्ये शिरली की त्याचा बार्ड (गाणारं-वाजवणारं कॅरेक्टर) तिच्या मागे लागतो, आणि आता डीएमचे (डंजन मास्टर, गेम चालवणारा, बाकीची पात्रं तोच खेळतो) पहारेकरी पण डोळे मारायला लागलेत. माझे फायटर असताना एकाही पहारेकऱ्याने डोळा मारला नव्हता. तोच मित्र म्हणतो डीएमने यामिनीला तो जुना शापित कंबरपट्टा घालावा, घालणाऱ्याचं लिंग बदलणारा, म्हणजे विषय मिटला. (असा पट्टा खरंच होता, १९७९ च्या डीएम गाइडमध्ये.)

तिसरं सगळ्यात जास्त लागलं. ग्रुपमध्ये एक मुलगी नवीन आलीय, दुसऱ्याच सेशनला सहज म्हणाली, "यामिनी भारी आहे, पण ती सारखी 'मी बाईमाणूस असून' का म्हणते? मी तर दिवसभरात एकदाही म्हणत नाही." हसलो तेव्हा, पण घरी येऊन नोट्स काढून बघितल्या आणि ती बरोबर होती.

तर कॅरेक्टर बदलू का? का काही उपाय आहे? आणि प्लीज बालगंधर्वांचं उदाहरण नको, त्यांना संवाद लिहून दिलेले होते, इथे मी फासा पडेल तसं तोंडाला येईल ते बोलतोय.

—

खिळखिळी_ढाल:
बदलू नकोस. मी सहा वर्षं डीएम आहे, व्याकरणाचा इलाज सांगतो. मराठीत सगळीच क्रियापदं चुगली करत नाहीत. "मी कुलूप उघडलं", "मी खंजीर काढला", "मी त्याला ढकललं", यात बोलणारा कोण ते कळतच नाही. "मला आत जायचंय", "मला ऐकू येतंय का?" हे पण तसंच. अडतं ते गेलो-गेले, पळालो-पळाले आणि करतो-करतेला. म्हणून नवीन लोकांना मी सांगतो की सुरुवातीला नावानेच बोला, "यामिनी भिंतीला चिकटून पुढे सरकते". चार-पाच सेशन झाली की जीभ आपोआप "सरकते" वर येते आणि तोवर बाकीच्यांचे कान पण तयार झालेले असतात. डीएमला पण सांग, "तू काय करतोस" ऐवजी "यामिनी काय करतेय?" विचार म्हणावं. हसणं निम्मं तिथेच बंद होतं, कारण प्रश्न तुला नसतो.

अजून एक, हे जरा चोरटं आहे. "आम्ही जातो", "आम्ही गेलो" हे बाई म्हणो की बुवा, सारखंच. माझ्याकडे एकाने गादी गेलेली राणी खेळली होती, अख्खं कॅम्पेन "आम्ही" वर काढलं पठ्ठ्याने. पण घरफोडीला ते शोभणार नाही.

—

चौथा_पॅलाडिन:
बाई आहे, दोन वर्षं पुरुष पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळतेय. "मी तलवार काढतो" म्हणते, आजवर एकजण हसलेला नाही. तू "काढते" म्हणालास की हसतात. यावर वेगळा धागा निघेल म्हणून इथेच थांबते.

तुझ्या त्या नवीन मैत्रिणीचं म्हणणं सोन्याचं आहे. मी पण हेच केलं होतं उलट्या बाजूने, माझा पॅलाडिन पहिले दोन महिने नुसता छाती काढून चालायचा, मिशीला पीळ, "मर्दासारखं लढ" वगैरे. मग डीएमने विचारलं याला भीती कशाची वाटते, आणि मला उत्तरच देता येईना. आता तो अंधाराला घाबरतो आणि घोड्यांशी बोलतो, पुरुष असल्याचं मलाच आठवत नाही कधीकधी. यामिनीला पैसे कुणाचे द्यायचेत, रात्री झोप का लागत नाही, कुणाचं कुलूप ती कधीच फोडणार नाही, हे ठरव.

आवाज बारीक काढत असशील तर आजच बंद कर. बोलण्याचा वेग बदल. माझा पॅलाडिन सावकाश बोलतो आणि वाक्य अर्धं सोडत नाही, एवढ्यावर सगळे ओळखतात.

—

जुना_फासा:
थोडा इतिहास, मदत म्हणून घे किंवा सोडून दे. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी प्लेयर्स हँडबुकमध्ये ह्यूमन पुरुष फायटरची ताकद १८/०० पर्यंत जायची (१८ च्या पुढचा आकडा टक्क्यांचा, ०० म्हणजे शंभर) आणि बाईची १८/५० ला अडकायची. हाफलिंग (बुटक्या माणसांची जमात) बाई असेल तर १४. म्हणजे बाई कॅरेक्टर घेतलं की कॅरेक्टरच्या आकड्यांच्या कागदावरच दंड. १९८९ च्या सेकंड एडिशनला ते गेलं. तुझ्याकडच्या २०१४ च्या पुस्तकात तर सरळ लिहिलंय की स्त्री किंवा पुरुष खेळल्याने फायदा नाही तोटा नाही, आणि त्या दोन चौकटींतच राहायला पाहिजे असंही नाही. बार्डवाल्या मित्राला ते पान उघडून दाखव.

(चौकटीबाहेरचं आमच्याकडे एकदा झालं, एकाने यंत्रमानव घेतला, नपुंसकलिंगी. "ते दार उघडतं" छान चाललं. मग तो जोशात "मी दार उघडतं" म्हणाला आणि सगळे गारद.)

—

खिळखिळी_ढाल:
बार्डचं राहिलं. त्याला गेममध्ये उत्तर देत बसू नकोस, यामिनीने कानाखाली मारली की त्याला अजून मजा येणार, तो त्यालाच सीन समजतो. गेम सुरू व्हायच्या आधी, फासे हातात नसताना बोल. लाइन्स आणि व्हेल्स म्हणून प्रकार आहे, रॉन एडवर्ड्सने २००३ मध्ये मांडलेला. लाइन म्हणजे ही गोष्ट आपल्या गेममध्ये येणारच नाही, व्हेल म्हणजे येईल पण पडद्याआड, वर्णन नाही. तू एवढंच म्हण, यामिनीच्या मागे लागणं ही माझी लाइन आहे. कारण द्यायला लागत नाही. आणि डीएमच्या देखत बोल, डोळे मारणारे पहारेकरी त्याचेच आहेत.

—

धागाकर्ता:
सगळ्यांना थँक्यू. काल सेशन झालं. लाइनचं बोललो, घसा कोरडा पडला होता, पण बार्डवाला म्हणाला "अरे मला वाटलं तुला पण मजा येतेय". डीएम काहीच बोलला नाही, फक्त पुढचा पहारेकरी आला तो जांभया देणारा आला.

"यामिनी सरकते" वाली ट्रिक जमली. चौथा पॅलाडिनच्या सांगण्यावरून ठरवलं की यामिनी स्वतःच्या थोरल्या बहिणीचं कुलूप कधीच फोडणार नाही, आणि नेमकी आमच्या टोळीला चोरायची ती पेटी त्याच घरात निघाली (डीएमला मी आधी मेसेज केला होता, मान्य करतो). पाऊण तास नुसतं बोलणंच चाललं, एकदाही फासा टाकला नाही. मध्येच माझ्या तोंडून "मी नाही येत जा, मी बाहेर थांबते" निघालं आणि कुणी हसलं नाही, मलाच नंतर लक्षात आलं.

आता एकच राहिलंय. ती थोरली बहीण डीएम खेळणार, तो पण पुरुष, आणि त्याने मला रात्री मेसेज केलाय की "करते" म्हणायला मला लाज वाटतेय, काय करू. त्याला हाच धागा पाठवू का?