अनुभव धागा: तहात दिलेली राजकन्या

माळ्यावरची
पेस्ट कंट्रोलवाला येणार म्हणून काल माळा रिकामा केला. पितळी पातेल्यात एक दोनशेपानी वही निघाली. कव्हरवर माझ्याच अक्षरात 'भूगोल, १० वी क'. आत भूगोलाचा भ नाही. १९९६ च्या पावसाळ्यात अभ्यासाला बसते असं सांगून मी कादंबरी लिहीत होते.

शुभ्रगडची राजकन्या मेघावली. सतरा वर्षांचं युद्ध थांबावं म्हणून बाप तिला शत्रूच्या राजपुत्राला द्यायचं कबूल करतो. राजपुत्र देखणा (अर्थात), अबोल (अर्थात), आणि त्याला सावली नाही. का नाही, ते पान १४३ पर्यंत मलाही कळलेलं नव्हतं. पान १४३ वर मेघावली बोहल्यावर उभी आहे, अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, ती मान खाली घालून बघते तर अंतरपाटाखालून...

इथे माझी पूर्वपरीक्षा लागली. पुढे कोरी पानं. शेवटच्या पानावर आईने लिहिलेला दुधाचा हिशेब.

माझी लेक सोळाची. तिच्या टेबलावर इंग्रजी ठोकळे, पानांच्या कडा रंगवलेल्या, आणि निम्म्यांत हेच. तहासाठी लग्न, शत्रूचा राजपुत्र, आधी गळ्याला सुरी मग गळ्यात हात. "काय गं तेच तेच वाचतेस" म्हणून मी तिला वर्षभर टोचतेय. काल अर्धा तास शिडीवरच बसून वही वाचली. खालून ती ओरडत होती, आई पडशील.

तर तुमचंही येऊ द्या. वाचलेलं, ऐकलेलं, चोरून लिहिलेलं, घरात घडलेलं. राजा-राणी पाहिजेत एवढंच.

पोहेखाऊ
ते सगळं नंतर. अंतरपाटाखालून काय दिसलं?

माळ्यावरची
अहो खरंच आठवत नाही! तीस वर्षं होत आली.

पोहेखाऊ
हा अन्याय आहे.

साखरभात
आमच्या आजीच्या गोष्टीत राजकन्येला कुणी काही विचारायचंच नाही. राक्षस मारला की 'अर्धं राज्य आणि राजकन्या', एका दमात. मी तिसरीत असताना विचारलं होतं, उरलेलं अर्धं राज्य कुणाला? आजी म्हणाली, "राजाला म्हातारपणी नको का काही? सगळं जावयाच्या घशात घालायचं होय?" वांगी चिरता चिरता बोलली. तिने स्वतःच्या नावावरची खोली शेवटपर्यंत कुणाला दिली नाही हे मला फार उशिरा लक्षात आलं.

रात्रपाळी
मी लिहिते. आजही. मोबाईलवर, क्रमशः, ८६ भाग झालेत. महाराणी अवंतिकेचं लग्न भाग ११ मध्ये लावून टाकलं, प्रेमात ती अजून पडलेली नाही. आपल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागत नाही, लग्न आधी नि ओळख मागाहून, निम्म्या जणींचं तसंच झालेलं असतं. फक्त भाग छोटा झाला की शिव्या बसतात. "ताई आज फक्त पाचशे शब्द? आमचा कुकर पण झाला नाही एवढ्यात."

खरी गंमत पुढे आहे. सासूबाई ही मालिका रोज वाचतात. टोपणनाव आहे त्यामुळे लेखिका मी आहे हे त्यांना माहीत नाही. परवा म्हणाल्या, "त्या राजमातेला कणभर अक्कल नाही, अगदी आमच्या थोरल्या जाऊबाई." मी फुलके लाटत होते, मान वर केली नाही. राजमाता कुणावरून घेतली ते सांगायला नको.

चिंचगोळी
मेले हसून 😂 सांगू नकोस त्यांना कधीच

रात्रपाळी
घटस्फोट होईल. माझा नि त्यांचा.

बडोदेकरीण
मला कल्पित लिहावंच लागलं नाही, आमच्या शहरात खरंच घडलेलं आहे. लहानपणी आत्या सांगायची, लक्ष्मीविलास पॅलेसच्या बाजूने रिक्षा गेली की हमखास सुरू.

सयाजीराव गायकवाडांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे. तिचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या मराठा गाद्या एक होणार, म्हणजे तुमच्या त्या पुस्तकांतला 'दोन राज्यांचा तह'च की. वर तिच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा आणि आधीच विवाहित. डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार, इंग्रज बादशहाच्या राज्यारोहणाचा. सगळे संस्थानिक तंबू ठोकून बसलेले. तिथे तिला बंगालकडच्या कूचबिहार संस्थानाचा जितेंद्रनारायण भेटला. महाराजांचा धाकटा भाऊ, म्हणजे गादीवरही नाही, जात वेगळी, घराणं ब्राह्मो, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या बंगाली सुधारकांच्या पंथातलं. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने काय करावं? आईबापांना न सांगता थेट नवऱ्या मुलालाच पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. घरी लग्नाची तयारी चाललेली. आणि ग्वाल्हेरहून तार येऊन थडकली, या पत्राचा अर्थ काय? आईबापांना ती तार हातात पडल्यावर कळलं!

माझी आत्या इथे थांबायची. "कल्पना कर, तार घेऊन येणारा शिपाई कसा आला असेल दारात." तो शिपाईच तिचा हिरो होता बहुतेक, ती पोस्टात होती.

पुढे दीडेक वर्ष घरच्यांनी डांबल्यासारखंच ठेवलं. शेवटी १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं. आईबाप गेले नाहीत. लग्नानंतर महिनाभरातच जितेंद्रचा थोरला भाऊ वारला आणि ही धाकट्या भावाची बायको महाराणी झाली. १९२२ मध्ये तोही गेला. तिशीत वैधव्य, पाच मुलं, आणि लहान मुलाच्या वतीने राज्यकारभार तिच्याकडे. जयपूरच्या गायत्रीदेवी तिच्याच लेक.

आणि सगळ्यात बोचणारं काय, तर आई चिमणाबाई स्वतः स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९११ चंच. तरी घरच्या मुलीच्या वेळी...

निवांत_नाना
तसं म्हणू नका ताई. आईची बाजूही बघा. संस्थानाची अब्रू म्हणजे इंग्रजांच्या डोळ्यासमोरची अब्रू. त्याच दरबारात सयाजीरावांनी बादशहाला मुजरा नीट केला नाही म्हणून केवढं काहूर उठलं होतं. आधीच सरकारची वक्रदृष्टी, त्यात ही तार.

बडोदेकरीण
हो नाना, तेही खरंच. त्याच सुमारास बापाने बादशहाला पाठ दाखवली आणि लेकीने शिंद्यांना.

बोरकूट
पण ग्वाल्हेरला गेली असती तर ती चांदीची आगगाडी मिळाली असती ना? जेवणाच्या टेबलावर रुळ आणि त्यावरून दारू नि सिगार फिरवणारी. आम्ही बघितलीय तिथल्या जयविलास महालात, सहलीत. आमच्या सरांनी तिथे वीस मिनिटं उभं केलं आणि झाशीच्या किल्ल्याला दहा.

पोहेखाऊ
आमच्याकडे लोणच्याची बरणी या टोकाकडून त्या टोकाकडे जायला तीन माणसं लागतात. गाडी बरी.

निवांत_नाना
आता माझं. आमच्या वडिलांना नाटकांचा नाद. नवीन पिढीला वाटतं हा प्रकार परदेशातून आला. अहो, अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ चं आहे. राजघराणं, थोरल्या भावाने परस्पर ठरवलेलं लग्न, मुलीचं मन दुसऱ्यावर, नायक संन्याशाच्या वेषात तिच्याच घरात येऊन राहिलेला, मधे राक्षस येऊन तिला रानात उचलून नेतो, आणि सगळ्याची सूत्रं हसत हसत हलवणारा धाकटा भाऊ कृष्ण. ड्रॅगन तेवढा नाही.

मी नऊ वर्षांचा असताना गावच्या जत्रेत बघितलं होतं. सुभद्रेचं काम करणाऱ्याला दाढीची खुंटं होती आणि घटोत्कचाने उचलताना दोघेही पडले. तरीही ती रडली तेव्हा आमच्या पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. त्यातल्या किती जणींना बलरामदादांनीच दिलं होतं कोण जाणे.

साखरभात
नाना, शेवटचं वाक्य 🙏

सातवी_ब
मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. मला हा प्रकार वाचवतच नाही. 'तहात दिलेली' हे ऐकायला गोड आहे, पण अंबेचं काय झालं आठवा. स्वयंवरातून भीष्माने उचलून आणली, तिचं मन शाल्वावर, शाल्व घेईना, भीष्म घेईना. तिला सूड घ्यायला पुढचा जन्म लागला. आपल्याकडे रागीट नायिका पूर्वीपासून आहे, फक्त तिला शेवटी कुणी राजपुत्र मिळत नाही.

आणि साटंलोटं बघायचं तर शृंगारपूरच्या शिर्क्यांचं बघा. शिवाजी महाराजांनी लेक राजकुंवर गणोजी शिर्क्यांना दिली आणि शिर्क्यांची जिऊबाई सून म्हणून आणली, तीच येसूबाई. दोघंही पोरवयाची. हिशेब सगळा मुलखाचा आणि वतनाचा. पण त्याच येसूबाईंना संभाजी महाराजांनी स्वतःचा शिक्का दिला, 'श्री सखी राज्ञी जयति'. सखी हा शब्द आधी, राज्ञी नंतर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसमध्ये होते, माझा स्टॉप गेला. १६८९ ला नवरा गेला, रायगड पडला, त्या मोगलांच्या कैदेत गेल्या त्या १७१९ ला सुटल्या. तीस वर्षं. एवढं मोठं कुठल्या ठोकळ्यात मावेल सांगा.

चिंचगोळी
वाचवत नाही म्हणालीस आणि सगळ्यात जास्त रोमँटिक तूच लिहिलंस

सातवी_ब
गप गं.

हिशेबनीस
मी बाप. लेकीने वाढदिवसाला असलंच पुस्तक मागितलं, बायको म्हणाली आधी तू वाच, काय असतं बघ. मी ऑडिट करतो, रोमान्स नाही. चार रात्री लागल्या. नायिकेच्या हुंड्याचा हिशेब पान ३० ला एक आणि पान २१० ला वेगळा आहे, ते मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं. लेक चिडली. पुस्तकात खूण केली म्हणून नाही, तर मी शेवट बायकोला जोरात सांगितला म्हणून.

पण एक झालं. त्यात नवरा लग्नाला येतच नाही, त्याची तलवार येते आणि तिच्याशी लग्न लागतं. लेक म्हणाली, बाबा काय भन्नाट कल्पना आहे ना. म्हटलं कल्पना कसली, खांडा लग्न म्हणतात त्याला, राजपुतांत आणि आपल्या सरदार घराण्यांत चालायचं. राजा मोहिमेवर असला किंवा वधूच्या दारी जाणं मानाला कमी वाटलं की खांडा पाठवायचे. तिने अर्धा तास मोबाईल खाली ठेवून ऐकलं. नववीनंतर पहिल्यांदाच.

बोरकूट
तलवार बरी. घोरत नाही.

कडीपत्ता
कुकर लावलाय, थोडक्यात. वरची इंदिराराजे वाचून आठवलं. तिची आई चिमणाबाई, ते तिचं माहेरचं नाव नव्हे. माहेरची गजराबाई, देवासच्या घाटग्यांची. आणि सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची, माहेरची लक्ष्मीबाई, तिचंही सासरी नाव चिमणाबाईच ठेवलं होतं. ती १८८५ मध्ये गेली, त्याच वर्षी दुसरी आली, तिलाही तेच नाव. खुर्चीला पाटी असते तसं.

माझंही बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने लिहिलं, सगळे वाकून बघत होते. मला उलटं दिसत होतं म्हणून पहिल्यांदा वाचताच आलं नाही. शेजारच्या मामींनी मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं मी कोण ते. बँकेत अजून दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र लागतं. शिट्टी झाली, येते.

माळ्यावरची
कडीपत्ता, थांब. मी आत्ता जाऊन वही काढून आणली. पान ६१. मेघावली लग्नाला तीन अटी घालते. पहिली, माझा घोडा बरोबर येईल. दुसरी, युद्धकैदी सोडायचे. तिसरी, जशीच्या तशी उतरवते: 'माझे नाव कोणीही बदलायचे नाही, कारण ते मला ओ द्यायची सवय झाली आहे.'

व्याकरण माफ करा, सोळाची होते. आणि २००४ मध्ये मी स्वतः तांदळात लिहिलेलं नाव मुकाट वाचून पेढा खाल्ला. वहीची आठवणही झाली नाही तेव्हा.

साखरभात
ओ द्यायची सवय... ❤️

रात्रपाळी
ताई हे वाक्य मला वापरू दे ना. भाग ८७.

माळ्यावरची
घे. मेघावलीचं नाव मात्र लाव तळाशी.

मांडवीकाठ
गोव्याहून. आमच्याकडेही नाव बदलण्याचे हेच सोपस्कार. माझ्या आईला सासरी दिलेलं नाव घरात कुणी कधी वापरलंच नाही, फक्त लग्नपत्रिकांवर यायचं. वहिनी म्हणून हाक मारायचे सगळे. धाग्याच्या विषयाशी संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं. राजा-राणी नाहीत, घराला अंगण होतं फक्त.

चिंचगोळी
@माळ्यावरची वहीला कसर लागलीय का? माझ्या डायऱ्यांची चाळणी झाली. लिंबाचा पाला ठेवला होता तरी.

माळ्यावरची
कडांना लागलीय. मधली पानं ठीक. पितळी पातेल्यावर झाकण होतं म्हणून वाचली.

निवांत_नाना
पाला वाळला की बदलावा लागतो. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा, आमचे वडील नाटकाच्या प्रती तशाच ठेवायचे.

पोहेखाऊ
सगळे वेखंडावर गेले. अंतरपाटाखालून काय दिसलं ते राहिलंच.

माळ्यावरची
लेकीला वाचायला दिली आत्ता. तिचं म्हणणं, काही दिसलं नसणार, तिलाच तिची सावली दिसली नसणार. मी म्हटलं म्हणजे काय? म्हणाली, आई तूच लिहिलंयस पान ९ वर, शुभ्रगडच्या लोकांना ऊनच माहीत नाही, बारा महिने धुकं. मग तिला तरी सावली आहे हे कुणी बघितलं होतं?

मी पान ९ विसरलेच होते.

पोहेखाऊ
बापरे. आता पुढे लिहा.

माळ्यावरची
दुधाच्या हिशेबापर्यंत छप्पन्न पानं कोरी आहेत. लेक लिहीन म्हणतेय, मी नाही. बरं, पेस्ट कंट्रोलवाला दोन बेडरूमचे बावीसशे म्हणतोय, जास्त आहेत का?

बोरकूट
माळा धरून? मग ठीक आहे. झुरळांची जेल वेगळी मागून घ्या.