बरणी ६५० रुपयांची आणि डिलिव्हरी ४८० रुपये? हिशोब समजावून सांगाल का?

बरणीवाली_देवरुख

नमस्कार मंडळी. आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी यंदा बुडाशी तडकली. प्लास्टिकच्या डब्यात ती लोणचं घालणार नाही आणि मीही तिला तसं सांगणार नाही. म्हणून पाच किलोची, पांढरी-तपकिरी, झाकणाची बरणी ऑनलाइन शोधते आहे. एकाच बाजारावर तीन विक्रेते मिळाले:

खुर्ज्याचा (उत्तर प्रदेश) विक्रेता: बरणी ६५०, डिलिव्हरी ४८०.
दिल्लीचा: १,१७०, 'फ्री डिलिव्हरी'.
पुण्याचा: ८९०, डिलिव्हरी १९०.

खुर्ज्याच्या बरणीवर पुण्यातल्या भावाचा पिनकोड टाकला तर ४८० चे ३४० झाले. दोन बरण्या टाकल्या तर सरळ ९६०. एकाच गाडीतून, एकाच घरी येणार असताना दुप्पट का? आणि साडेसहाशेच्या वस्तूला एवढं भाडं लावणारा विक्रेता त्यात नफा काढतोय, असं समजायचं का?

निळी_शाई

ताई, आधी तिन्हींची बेरीज करा. ११३०, ११७० आणि १०८०. फ्री वगैरे काही नसतं, त्यानं भाडं किमतीत घातलंय. पुण्याची घ्या.

खोका_टेप_सुतळी

इचलकरंजीत आमचं काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरी मी स्वतः पॅक करतो, त्यामुळे याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

कुरिअरवाल्याला बरणीची किंमत किती याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या गाडीत ती किती जागा अडवते आणि ती कुठे उतरवायची, एवढंच तो बघतो. म्हणून वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची, की किलो निघतात. त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींत जे जास्त, त्यावर भाडं.

आता तुमची बरणी. पाच किलोची म्हणजे साधारण ३० सेंमी उंच आणि २० सेंमी रुंद धरा. चहूबाजूंनी पाच-पाच सेंमी गादी दिली की खोका ३० × ३० × ४० चा होतो. गुणाकार ३६,०००, भागिले ५,०००, म्हणजे ७.२ किलो. भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वर जातं, म्हणून ७.५ किलोचं बिल. काट्यावर ती चार-साडेचार किलोच भरेल. तुम्ही पैसे भरता त्यातला मोठा हिस्सा कागदाच्या गोळ्यांचा आणि हवेचा आहे. पण तीच हवा बरणी वाचवते.

गादी पाचाऐवजी तीन सेंमीची केली, तर खोका २६ × २६ × ३६ चा होतो आणि वजन ४.८७ किलो, म्हणजे पाचाचा टप्पा. भाड्यात मोठा फरक पडतो. पण खुर्जा ते देवरुख या वाटेत खोका कितीतरी वेळा चढतो-उतरतो, आणि तीन सेंमीवर चिनी माती पाठवायला मी धजावणार नाही. म्हणून भाडं फार कमी दिसलं, तर गादी किती आहे ते विचारा. स्वस्त भाड्यात फुटकी बरणी येणं सगळ्यात महाग पडतं.

पिनकोडचं म्हणाल, तर दर अंतराच्या पट्ट्यांवर असतात. राज्यातल्या राज्यात कमी, शहर ते शहर त्याहून थोडे जास्त, आणि मोठ्या केंद्रापासून दूरच्या गावांना वेगळा अधिभार. काही पिनकोडना कुरिअरची स्वतःची गाडी जात नाही, पुढच्या टप्प्यासाठी दुसऱ्या माणसाकडे माल सोपवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. तुमचे जादा १४० रुपये (४८० वजा ३४०) तिथे जात असणार. पुण्याच्या विक्रेत्याचे १९० राज्यातल्या राज्यात म्हणून कमी दिसतात, पण त्यानं बरण्या पुण्यापर्यंत आणण्याचा खर्च ८९० मध्ये धरलेला असतो. तो एकेक आणत नाही, गाडी भरून आणतो, म्हणून त्याला परवडतं.

दोन बरण्यांना दुप्पट लागतात, कारण संगणक प्रत्येक नगाचं खोकं वेगळं धरतो. बरण्या एका खोक्यात मधे जाड पुठ्ठा घालून पाठवता येतात. ५५ × ३० × ४० केलं तर १३.२ किलो, म्हणजे १३.५ चा टप्पा. वेगवेगळ्या पाठवल्या तर साडेसात अधिक साडेसात. शिवाय पहिल्या अर्ध्या किलोचा दर पुढच्या टप्प्यांपेक्षा चढा असतो, तो एकदाच लागतो. विक्रेत्याला संदेश पाठवून विचारा. बहुतेक विक्रेते ऐकतात, कारण त्यांचीही एक फेरी वाचते.

नफ्याबद्दल मनापासून सांगतो. काही जण भाड्यात नफा ठेवतात, हे खरं आहे, आणि मला ते पटत नाही. पण ४८० बघून तसं ठरवू नका. घरपोच पैसे देणाऱ्या ग्राहकानं पार्सल नाकारलं की परतीचं भाडंही आमच्याच अंगावर येतं. फुटीचंही तसंच. कुरिअरच्या हबवर यंत्र खोकं पुन्हा मोजतं. आम्ही ३६ सेंमी लिहिलं आणि फुगलेल्या कडेमुळे यंत्रानं ३८ मोजलं, तर पुढच्या टप्प्याचे पैसे कापले जातात. हे सगळं कुठेतरी भरून काढावं लागतं, म्हणून भाड्याचा आकडा थोडा वर ठेवतात.

ग्राहक_१९१५

वरच्या प्रतिसादात कायद्याची बाजू राहिली, ती लिहितो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते आणि सोबत तिची फोडही: डिलिव्हरी, टपाल-हाताळणी, कर. सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरायच्या पानावर हळूच 'हँडलिंग' वाढवणं हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवलं आहे. न विचारता टोपलीत 'सुरक्षित पॅकिंग' टाकणंही त्यातच येतं. असं दिसलं तर पडद्याचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

माल सदोष निघाला, तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. मात्र घरातली जुनी बरणी हौसेनं एकदाच विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत, तिथे आधीच बोलून घ्या.

बिलावर डिलिव्हरीवरही जीएसटी दिसला, तर दचकू नका. माल, पॅकिंग आणि वाहतूक एकत्र विकली की वस्तूचाच दर सगळ्यांना लागतो.

बरणीवाली_देवरुख

खोका_टेप_सुतळी, तुमचे मनापासून आभार. तुमचा गुणाकार वहीत उतरवून तिघांनाही खोक्याचं माप आणि गादी किती ते विचारलं. दिल्लीवाल्यानं उत्तरच दिलं नाही. खुर्ज्याच्या माणसानं ३२ × ३२ × ४० सांगितलं, शिवाय दोन एका खोक्यात घेतल्यास ९६० ऐवजी ८०० म्हणाला. पुण्याच्यानं एका बरणीचं माप तुमच्याइतकंच सांगितलं आणि फुटली तर स्वखर्चानं बदलून देईन असं लिहून दिलं. दुसरी बरणी मावशीसाठी हवी होती, पण ती म्हणाली तिला घाई नाही. त्यामुळे पुण्याची एकच मागवते आहे, १,०८० ला.

खोका_टेप_सुतळी

चांगलं केलंत. पार्सल आलं की टेप कापण्याआधी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा आणि बरणी बाहेर येईपर्यंत थांबवू नका. खोक्यावरचं लेबल आधी दाखवा. मग बरणी हातावर धरून बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर डोळ्याला न दिसणारी चीर आहे, ती घेऊ नका, त्याच दिवशी कळवा. काठाला आतून बोट फिरवून झिलई कुठे उडाली आहे का तेही बघा, मीठ आणि खार तिथूनच आत शिरतो.