विषय: वेगासला नानांसाठी कॅसिनो नसलेले हॉटेल – उद्यापर्यंत सल्ला हवा

प्रेषक: गुहागरची धाकटी सून

सप्रेम नमस्कार.

मे महिना संपला की नाना, सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही लॉस एंजेलिसला परतणार आहोत आणि जूनच्या शेवटच्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून वेगास पाहायचे ठरले आहे. आमच्यापैकी कोणीच तिथे गेलेले नाही. ह्यांनी मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या कॅसिनो-हॉटेलात दोन खोल्या धरल्या आहेत आणि त्या विनाशुल्क सोडण्याची मुदत उद्या रात्री संपते. अडचण अशी की नानांना दमा आहे, आणि खोल्यांकडे जाणारी लिफ्ट कॅसिनोच्या पलीकडच्या टोकाला असून मधल्या सगळ्या जागेत लोक सिगारेट ओढत बसलेले असतात, असे तिथे राहून आलेल्यांनी कळवले आहे. तेव्हापासून नाना ‘तुम्ही जाऊन या, मी पडवीतच बरा’ असे म्हणत आहेत. मुलगी १४ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. त्यांना त्या भागातून जाऊ देतात का, हेही कळवावे. नाना रोज संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर लांबवर चालतात, त्यामुळे चालण्याची चिंता नाही. इकडे वळिवामुळे विजेचा भरवसा नाही, तरी उत्तरे कृपया लवकर द्यावीत.

प्रेषक: मालवणचे अण्णा

चि. सूनबाईंस अनेक आशीर्वाद.

आरक्षण मुळीच सोडू नये. वेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे आणि खेळण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. मात्र त्याहून लहान मुलांना मोठ्या माणसांबरोबर कॅसिनो ओलांडून जाता येते, फक्त जुगाराच्या यंत्रांपाशी किंवा टेबलांपाशी रेंगाळता येत नाही. मुलगा दिवे पाहत उभा राहिला, तर रखवालदार येऊन पुढे चालायला सांगतो, याहून अधिक काही घडत नाही. आपल्याकडे पणजीला मांडवीतल्या जहाजांवरही खेळण्याच्या जागी २१ वर्षांचीच अट आहे, तेव्हा यात नवल वाटण्याचे कारण नाही.

धुराविषयी सांगायचे, तर नेव्हाडाच्या मतदारांनी २००६ मध्ये बंदिस्त जागांतील धूम्रपानावर निर्बंध आणले, परंतु कॅसिनोतला खेळण्याचा भाग त्यातून वगळला गेला. तरीही लिफ्टपर्यंतची वाट पाच मिनिटांची असते. नानांनी तेवढ्यापुरता रुमाल नाकाशी धरावा. मी कोषाध्यक्ष असताना मंडळाची सहल अशाच हॉटेलात उतरवली होती आणि कोणाची काही तक्रार आली नव्हती. नानांना जुगाराचेच वावडे असेल, तर गणपतीच्या जागरणाला त्यांच्याच ओटीवर रंगलेले तीनपत्तीचे डाव मी पाहिलेले आहेत, एवढे नमूद करतो.

प्रेषक: वेंगुर्ल्याच्या काकू

अण्णांच्या रुमालाने दमा थांबत नाही, आणि त्या सहलीत तक्रार आली नाही याचे कारण तक्रार अण्णांकडेच करायची होती.

पाच मिनिटांची वाट एकदाच चालायची असती, तर गोष्ट वेगळी होती. नाश्त्याला जाताना तीच वाट, गाडी काढायला तीच, मुलांना तरणतलावावर न्यायला तीच, आणि नानांची गोळी खोलीत राहिली तर पुन्हा तीच. लिफ्ट, उपाहारगृहे, नाट्यगृह आणि वाहनतळ यांच्या मधोमध कॅसिनो असतो आणि तो तिथे विचारपूर्वक ठेवलेला असतो, कारण खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस यंत्रांसमोरून गेला पाहिजे यावरच त्या इमारतीचे गणित बसवलेले असते. म्हणून खोलीच्या खिडकीतून काय दिसते हे विचारण्यापेक्षा खोलीपासून रस्त्यापर्यंत काय काय लागते हे विचारावे. माझ्या दिरांनी खिडकी पाहून खोली घेतली होती. जाऊबाईंना दम्याचा पंप हाताशी घेऊन संध्याकाळभर त्या खिडकीतूनच शहर पाहावे लागले.

व्हिडारा, वॉल्डॉर्फ अस्टोरिया आणि एमजीएम ग्रँडला जोडलेले सिग्नेचर या ठिकाणी कॅसिनोच नाही. पार्क एमजीएममध्ये कॅसिनो आहे, पण २०२० पासून तिथे धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, म्हणजे मुलांना वाट ओलांडावी लागली तरी नानांना त्रास होणार नाही. कुठेही घेतले, तरी भाड्यावर रोजचे रिसॉर्ट शुल्क वेगळे लागते, त्याची तयारी ठेवावी.

प्रेषक: मंडळाच्या ई-मेल यादीचे व्यवस्थापक

सर्वांना नम्र विनंती की मागच्या सहलीचा हिशेब कार्यकारिणीने मंजूर केलेला असल्यामुळे त्यावरची चर्चा या यादीवर पुन्हा उघडू नये. तसेच सहलीविषयीचे प्रश्न सहल समितीमार्फत यावेत असे ठरले होते. सूनबाईंची मुदत उद्याची असल्याने हा धागा तेवढा चालू ठेवत आहे.

प्रेषक: मालवणचे अण्णा

काकूंनी रिसॉर्ट शुल्काविषयी लिहिलेले जुने झाले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला असून सक्तीचे प्रत्येक शुल्क धरूनच भाडे दाखवणे हॉटेलांना बंधनकारक आहे. शासकीय कर मात्र नंतर मिळवले तरी चालतात, आणि गाडी उभी करण्याचे पैसे ऐच्छिक समजले जात असल्याने ते त्या आकड्यात नसतात. व्यवस्थापकांनी हिशेबाचा उल्लेख करण्याची गरज नव्हती, कारण तो मी काढलेला नाही.

प्रेषक: दापोलीचे भाऊ

हॉटेलाचा निर्णय काकूंवर सोपवावा. मला काळजी वाटली ती ‘चालण्याची चिंता नाही’ या वाक्याची.

वेगासचा तो मुख्य रस्ता सुमारे पावणेसात किलोमीटर लांब आहे आणि इमारती इतक्या अवाढव्य आहेत की समोर दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात अर्ध्या तासावर निघते. मोठे चौक ओलांडायला जिने, सरकते जिने आणि पादचारी पूल आहेत, आणि २०२४ पासून त्या पुलांवर थांबण्यास मनाई आहे. दम लागला म्हणून नानांनी कठड्याला टेकावे, अशी सोय तिथे नाही. त्यात ऊन. ७ जुलै २०२४ रोजी तिथले तापमान १२० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास ४९ अंश सेल्सिअसवर गेले होते. कोकणात सदरा घामाने चिंब झाला की माणूस आपण होऊन सावलीला बसतो आणि पाणी मागतो; तिथल्या कोरड्या हवेत घाम अंगावर टिकतच नाही, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले याची खूण मिळत नाही आणि आपल्याकडची माणसे हटकून फसतात. तहान लागो वा न लागो, ठरलेल्या वेळी पाणी पाजावे, सकाळी नऊनंतर बाहेर काढू नये आणि पुन्हा बाहेर पडणे सूर्यास्तानंतर करावे. बेलाजिओ हॉटेलासमोरची कारंजी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत दर १५ मिनिटांनी होतात आणि ती फुकट असतात. मिराज हॉटेलासमोरचा कृत्रिम ज्वालामुखी जुलै २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. मुलांना जुनी चित्रे दाखवून तो कबूल केला असेल, तर आताच सांगून टाकावे.

व्हिडारा घेतल्यास शेजारूनच फुकटची छोटी ट्राम सुटते, जी बेलाजिओपासून पार्क एमजीएमपर्यंत जाते.

प्रेषक: मालवणचे अण्णा

व्हिडारातून कारंज्यांकडे जाण्याची जवळची वाट बेलाजिओच्या आतूनच जाते आणि तिथे कॅसिनो आहे, हे भाऊ आणि काकू दोघेही सांगायला विसरले.

प्रेषक: वेंगुर्ल्याच्या काकू

विसरले नाही. ती वाट दिवसातून एकदा, आपल्या सोयीने घ्यायची आहे, आणि नको असेल तर टॅक्सीने दारापर्यंत जाता येते. खोलीकडे जाण्याची वाट मात्र टाळता येत नसते.

प्रेषक: गुहागरची धाकटी सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिडारात दोन खोल्या घेतल्या आणि आधीच्या सोडल्या. ह्यांचे म्हणणे एवढेच की फरकाचे पैसे काकूंकडून मागावेत. नानांची तयारी झाली असून आता त्यांनी नवा प्रश्न काढला आहे. धूर नसलेल्या जागी एखादे यंत्र त्यांनी चालवून पाहिले आणि मोठी रक्कम लागली, तर पर्यटक व्हिसावर ती घेता येते का?

प्रेषक: मालवणचे अण्णा

घेता येते, पण अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांनी यंत्रावर जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर कापला जाऊ शकतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. रूलेट आणि ब्लॅकजॅक हे खेळ परदेशी पाहुण्यांसाठी त्या करातून वगळलेले आहेत. नानांचा पत्त्यांचा हात पाहता त्यांनी यंत्राच्या वाटेला न जाता ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसावे. पासपोर्ट मूळ प्रतीतच जवळ ठेवावा.

प्रेषक: वेंगुर्ल्याच्या काकू

अण्णा धुरातून बाहेर काढलेल्या माणसाला टेबलावर बसवत आहेत. सूनबाई, पार्क एमजीएमलाच न्या, ट्रामने सोपे पडेल. आणि व्हिडाराच्या तरणतलावावर भर दुपारी मुलांना पाठवू नका. इमारतीची वक्र काच ऊन एका जागी गोळा करते, हे २०१० मध्ये वर्तमानपत्रांत गाजले होते.

प्रेषक: दापोलीचे भाऊ

रविवारी दुपारी वेगासहून लॉस एंजेलिसकडे निघू नये. राज्याच्या सीमेपाशी प्रिमजवळ गाड्यांची रांग लागते आणि एरवी साडेचार तासांत होणाऱ्या प्रवासाचा भरवसा राहत नाही. पहाटे निघावे किंवा सोमवारची रजा टाकावी. नानांना कोयना प्रकल्पाचे पोफळीचे वीजघर ठाऊक असणार, तेव्हा त्यांना हूव्हर धरण जरूर दाखवावे. कोयनेची भिंत सुमारे १०३ मीटर उंच, तर ही २२१ मीटर आहे. मात्र ते शहराच्या आग्नेयेला, म्हणजे परतीच्या वाटेपासून वेगळ्याच दिशेला आहे, म्हणून शनिवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वीच पाहून यावे.