बॅकअपला एक भारी एसएसडी की दोन साध्या हार्ड डिस्क?

खातेवही, सांगली

बॅकअपसाठी बाहेरून लावायची हार्ड डिस्क कोणती घेऊ, असं महिनाभरात मला चौघांनी विचारलं. चौघांचीही एक भारी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आधीच ठरलेली होती, प्रश्न फक्त १ टीबी की २ टीबी एवढाच. माझं मत वेगळं आहे आणि ठाम आहे. एक भारी ड्राइव्ह घेऊ नका. तेवढ्याच पैशात दोन साध्या, अडीच इंची, आत तबकडी फिरणाऱ्या पोर्टेबल डिस्क घ्या आणि त्यातली एक नदीपासून लांब ठेवा.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. मी तेव्हा हरभट रोडवर एका कर सल्लागारांकडे कामाला होतो. २००५चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या हातभर वर फळी होती, तिच्यावर आम्ही कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क शेजारी-शेजारी ठेवून निघालो. पाणी फळीच्याही वर चढलं. गाळ उपसताना दोन्ही वस्तू एकाच कोपऱ्यात सापडल्या. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. बँकांची स्टेटमेंट मागवून, व्यापाऱ्यांकडची बिलं गोळा करून वह्या पुन्हा उभ्या करायला आम्हाला सहा महिने लागले. बॅकअप नव्हता असं नाही, तोही मूळ डेटाच्या शेजारीच बसून होता.

आता माझ्याकडे १ टीबीच्या दोन डिस्क आहेत. एक ऑफिसात, एक विश्रामबागला बहिणीकडे. दर शनिवारी अदलाबदल. काम झालं की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा जगभर हेच दिसलं होतं: कॉम्प्युटरला जोडलेली डिस्क असेल तर खंडणीचा व्हायरस तिच्यातल्या फायलींनाही कुलूप घालतो.

लगीनघाई, मिरज

नाही ओ दादा, साफ पटत नाही. पूर २००५, २०१९ आणि २०२१ला आला. डिस्क हातातून दर आठवड्याला निसटते.

माझी २ टीबीची फिरती डिस्क कॉपी चालू असताना टेबलावरून फरशीवर आली. उंची गुडघ्याएवढी. आत दोन लग्नांचं आणि एका बारशाचं शूटिंग. चालू डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीवर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं, धक्का बसला की घासतंच. पुण्यात रिकव्हरीचा जो आकडा सांगितला त्यात नवी लेन्स आली असती. मुलीच्या वडिलांना तो फोन मी केलाय, पुन्हा करायचा नाही.

आणि वेळेचं काय? दोन कॅमेरे धरून एका लग्नाचे ३०० जीबी होतात. फिरत्या डिस्कवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे पन्नास मिनिटं. साध्या यूएसबी एसएसडीवर ४०० धरले तर साडेबारा. रात्री दीडला हॉलवरून आलेला माणूस पन्नास मिनिटं जागत नाही, उद्या करू म्हणतो. तिथेच घात होतो.

खातेवही

पडण्याचं मान्य. पण भाऊ, तुमचं रोजचं काम वेगळं आणि कपाटातला साठा वेगळा. एसएसडीत डेटा विजेच्या भारावर टिकतो, वर्षानुवर्षं वीज न देता ठेवली तर तो भार हळूहळू गळतो. झिजलेल्या एसएसडीने ३० अंशांना, वीज नसताना किमान एक वर्ष डेटा धरावा, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये बंद खोलीचं तापमान किती असतं? शिवाय फिरती डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, मंद होते, आवाज करते. एसएसडी पुष्कळदा एके दिवशी दिसतच नाही.

लगीनघाई

ते एक वर्ष पूर्ण वापरून संपलेल्या एसएसडीचं माप आहे, तुम्हीच 'झिजलेल्या' म्हणालात. नवी इतक्यात विसरत नाही. माझी तर दर महिन्याला लागतेच.

पेचकस, माधवनगर

मी कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, दोघांशीही माझं भांडण आहे.

खातेवही दादा, तुमच्या त्या अडीच इंची पोर्टेबल डिस्क मी रोज उघडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या बोर्डावर सोल्डर केलेलं असतं, आत वेगळं साटा कनेक्टर, म्हणजे डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचं नेहमीचं तोंड, नसतंच. ते चपटं रुंद तोंड सैल झालं की तबकडी ठणठणीत असूनही गिऱ्हाईक रडत येतं. काही मॉडेलमध्ये पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्डावरची चिप डेटा कूटबद्ध करूनच लिहिते, म्हणजे बोर्ड गेला की तबकडी हातात असून उपयोग नाही. म्हणून मी सांगतो: कॉम्प्युटरच्या आत बसते ती साडेतीन इंची डिस्क घ्या, वेगळं केसिंग, म्हणजे यूएसबीचं तोंड असलेला डबा, घ्या, जोडा. केसिंग मेलं तर दुसरं आणा, डिस्क तीच. केसिंग साधं घ्या, स्वतःच कूटबद्ध करणारं नको.

घेताना डिस्क सीएमआर आहे की एसएमआर तेही पाहा. तबकडीवर डेटा ज्या गोल रेघांत लिहिला जातो ते माग सीएमआरमध्ये शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे जागा जास्त मिळते, पण जुन्या फायलींवर पुन्हा लिहायला गेलं की ती रखडते. महिन्यातून एकदा भरून ठेवायची असेल तर चालेल, रोज बदलणाऱ्या बॅकअपला नको.

आणि ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे १६ टीबीचे ड्राइव्ह घेऊ नका, हात जोडतो. आत छोटं मेमरी कार्ड असतं. कॉम्प्युटरला ते १६ टीबी दाखवतं, भरलं की पुढच्या फायली नुसत्या नावाला राहतात. माझ्याकडे असे तीन आले. एकात बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो होते. काही परत आलं नाही.

खातेवही

पेचकस दादा, साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. कॉपी चालू असताना लाइट गेली की? यूपीएस सगळ्यांकडे नसतो. आणि तो वजनदार डबा दर शनिवारी बहिणीकडे कोण नेणार? अडीच इंची डिस्क शर्टाच्या खिशात मावते, म्हणून ती जाते. सोल्डरचा मुद्दा खरा असेल, त्यासाठीच दोन सांगतोय.

विट्याच्या बाई

मी शाळेत शिकवते, तांत्रिक काही नाही. पण खातेवही सर, खरं सांगा, तुमची दुसरी डिस्क विश्रामबागला शेवटची कधी गेली?

आमच्या शाळेतही दोन डिस्क होत्या. एक मुख्याध्यापकांच्या घरी न्यायची असं ठरलं होतं. जूनमध्ये नेली, दिवाळीपर्यंत तिथेच राहिली. जूनच्या पुढचे निकाल तिच्यात नव्हते. माझे स्वतःचे सगळे कागद १२ जीबीचे आहेत, ते गुगलच्या फुकट १५ जीबीत बसतात आणि रात्री आपोआप वर जातात. मला आठवण ठेवावी लागत नाही.

खातेवही

बाई, अकरा दिवसांपूर्वी. म्हणजे एक शनिवार चुकला, ते कबूल.

कागदांपुरतं तुमचं बरोबर आहे, मीही टॅलीचा रोजचा बॅकअप आजपासून वर चढवतो. पण लगीनघाई भाऊंचा १ टीबी २० एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायचा तर अखंड साडेचार दिवसांच्या वर लागतील. त्यांना डिस्कच हवी.

लगीनघाई

हवीच. पण एसएसडी. हं, दुसरी कॉपी घराबाहेर पाहिजे हे मात्र मी घेतलं. विट्याला मामा आहेत, तिकडे एक ठेवतो. तिकडची मात्र फिरती घेईन, स्वस्तातली, ती हलवायची नाही.

पेचकस

खातेवही दादा, पुरात बुडालेल्या त्या डिस्कला नंतर वीज लावली होती का?

खातेवही

चार दिवस उन्हात वाळवली, मग लावली. टक-टक वाजली आणि गप्प झाली.

पेचकस

वाळवायला नको होती. बुडालेली डिस्क ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून लॅबला द्यायची असते. वाळली की गाळ तबकडीवर चिकटतो आणि चालू केली की हेड त्यावरूनच घासत जातं. फेकली नसेल तर आता पुन्हा वीज लावू नका. आशा कमी आहे, खोटं सांगत नाही. पण उघडायची तर धूळमुक्त खोलीतच, माझ्या टेबलावरही नाही. लॅबला कशी पाठवायची ते सांगतो, रविवारी घेऊन या.

खातेवही

आहे अजून, कपाटात. आणतो.