पीएच मीटर 4.01 ला 4.6 दाखवतोय, काय करू?

राम राम मंडळी. अंबड तालुक्यात मोसंबी आहे, बोअरचं पाणी जड. ठिबकमधून अ‍ॅसिड सोडायच्या आधी पाण्याचा पीएच (आम्लपणा) बघायला पेनसारखा पीएच मीटर घेतला. 6.86 च्या बफरवर (मीटर तपासायचं ठरलेल्या पीएचचं द्रावण) नीट लागतो, पण 4.01 मध्ये बुडवला की 4.6 दाखवतो, तेही दोन मिनिटं रेंगाळून. चूक माझीच: उन्हाळाभर तो पत्र्याच्या शेडात कोरडा पडला होता, अन् त्याआधी शहाणपणानं आरओच्या पाण्यात ठेवायचो! कालपासून पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात भिजवलाय. काचेच्या बल्बवर पांढरा थर आहे. पातळ व्हिनेगरनं निघेल का, की प्रोब (मीटरचं मोजणारं टोक) गेलाच समजू? आणि पोटॅशियम क्लोराईडचं 3 मोलरचं (म्हणजे त्या तीव्रतेचं) तयार द्रावण जालन्यात कुठं मिळतं? दरवेळी संभाजीनगर गाठणं परवडत नाही.