मदत हवी आहे: ऑनलाइन आधारगटांवरचा प्रबंध

प्रश्नचिन्ह: एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी ऑनलाइन आधारगटाने नैराश्य कमी होतं का, हे बघायचंय. व्हॉट्सॲप गटात नव्याने येणाऱ्यांना सुरुवातीला आणि ८ आठवड्यांनी पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) द्यायचा बेत आहे. गुण उतरले तर गटाचा फायदा झाला म्हणता येईल ना? ॲडमिनची परवानगी आहे, तेवढी पुरेल का?

आकडेमोडे: नाही म्हणता येणार. माणूस गटात येतो तोच मुळी सगळ्यात वाईट दिवसांत. त्यातले काही जण गट नसता तरी सावरले असते. शिवाय ज्यांना गट मानवत नाही ते मधेच गळतात आणि शेवटचा फॉर्म टिकलेलेच भरतात. सरासरी छान दिसणारच!

तुलनागट घ्या. इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाका: अर्ध्यांना आज प्रवेश, अर्ध्यांना ८ आठवड्यांनी. चालू उपचार कुणाचेच थांबवायचे नाहीत. मोजणी दोघांची ०, ४ आणि ८ व्या आठवड्यात. प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, तेव्हा दर आठवड्याला देण्यात हशील नाही. शेवटी ६० जण हवेत आणि गळती ३० टक्के धरली, तर ६० भागिले ०.७, म्हणजे ८६ जण लागतील. बरेच जण ६० मध्ये ३० टक्के मिळवून ७८ घेतात आणि शेवटी ५५ वर येतात.

निर्मोही: ॲडमिनची परवानगी म्हणजे फक्त दार उघडलं. संमती प्रत्येकाची वेगळी, आणि त्याआधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) माणसांवरच्या संशोधनासाठीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा.

खरी मेख नवव्या प्रश्नात आहे: मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटतं का? कुणी रात्री दोन वाजता 'जवळजवळ रोज' निवडलं आणि तुम्ही तो फॉर्म पंधरवड्याने उघडलात, तर? उत्तर शून्याच्या, म्हणजे 'अजिबात नाही'च्या, वर गेलं की लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिसला पाहिजे, आणि त्या दिवशीच गाइड किंवा समुपदेशकाने संपर्क करायचा हे आधीच लेखी ठरलेलं हवं. गुगल फॉर्ममध्ये नऊही प्रश्न एकाच तक्त्यात टाकलेत तर उत्तरानुसार वेगळ्या पानावर नेता येत नाही. नववा प्रश्न स्वतंत्र विभागात, एकच पर्याय निवडायचा असा ठेवा.

प्रश्नचिन्ह: धन्यवाद! सभासदांचे मेसेज नावं काढून प्रबंधात दिले तर चालतील?

निर्मोही: जसेच्या तसे नकोत. गटातली माणसं एकमेकांची वाक्यं ओळखतात. आशय तुमच्या शब्दांत मांडा. शब्दशः हवंच असेल तर त्या वाक्यासाठी त्या व्यक्तीला पुन्हा विचारा.